पेलिनच्या प्रवासाच्या आठवणी: चार भाग पाहिले, आठवणी कुठे आहेत?

मुशाफिर

टीव्हीवर कोणी आपल्या जुन्या प्रवासाबद्दल बोलायला लागलं की हल्ली मला एकच शंका येते: हा माणूस खरंच आठवतोय की आपल्याबरोबर बसून टेप बघतोय? 'मायकल पेलिन: ट्रॅव्हल्स ऑफ अ लाइफटाइम' ही बीबीसीची मालिका नुकतीच संपवली आणि शंका पक्की झाली. मालिका २०२० च्या ऑक्टोबरातली, म्हणजे शिळीच. पण इथे पेलिनचे चाहते बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. मीही त्यातलाच, तेव्हा दगड बेताने मारा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूतला हा सभ्य चेहऱ्याचा नट. २५ सप्टेंबर १९८८ ला बीबीसीने त्याला लंडनच्या रिफॉर्म क्लबातून जगाच्या फेरीवर धाडलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या फिलिआस फॉगच्या वाटेने, ऐंशी दिवसांत, विमानाला हात न लावता. आधी ॲलन व्हिकर वगैरे टीव्हीवर मुरलेल्या मंडळींना विचारून झालं होतं. ते नाही म्हणाले तेव्हा याचा नंबर लागला. फेरी ७९ दिवस आणि काही तासांत पुरी झाली. परत आल्यावर क्लबाने कॅमेरा आत घेऊ दिला नाही, हा त्यातला अस्सल इंग्रजी भाग. पुढे उत्तर ध्रुव ते दक्षिण ध्रुव, पॅसिफिकचा वळसा, सहारा, हिमालय असं चालूच राहिलं. २०२० मध्ये ७७ वर्षांचा पेलिन घरी बसून या सगळ्याकडे मागे वळून पाहतो, अशी या चार भागांची कल्पना.

कल्पनेला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मांडणीला. पेलिन एक वाक्य बोलतो, ते पुरं होण्याआधी जुनं दृश्य सुरू होतं. दृश्य रंगात येतंय तोवर टीव्हीवरची कोणी प्रसिद्ध व्यक्ती येते आणि पेलिन किती मोकळा, किती दिलदार, आम्ही लहानपणी त्याला पाहून कसे भारावलो ते सांगते. परत पेलिन, परत दृश्य, परत कौतुक. पहिल्या भागात हे गोड वाटतं. तिसऱ्या भागापर्यंत मी जांभया देत होतो.

एकच उदाहरण घेतो. त्या जगप्रदक्षिणेतला सर्वांत जिवंत तुकडा म्हणजे दुबई ते मुंबई. फॉगला सुएझहून मुंबईला न्यायला 'मंगोलिया' आगबोट होती. १९८८ मध्ये या मार्गावर उतारू नेणारी बोट कुठली मिळायला? म्हणून पेलिन आणि त्याची माणसं गुजराती खलाशांच्या गलबतावर चढली आणि आठवडाभर त्यावर राहिली. जुन्या मालिकेत जवळजवळ अख्खा एक भाग यावर आहे. उघड्यावर झोपणं, पोट बिघडणं, गलबताच्या कडेला समुद्रावर टांगलेला संडास, एका वयस्क खलाशाच्या कानाला वॉकमन लावून त्याला अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन ऐकवणं. मालिकेला आपला सूर तिथे सापडला असं पेलिनने स्वतः पुष्कळदा सांगितलंय.

आता बत्तीस वर्षांनी हाच माणूस त्या गलबताबद्दल बोलणार म्हटल्यावर मी सरसावून बसलो. मला काय हवं होतं? वॉकमनचा प्रसंग मला पाठ आहे. मला हवा होता तो कंटाळा, जो आठवड्यात कधीतरी आला असणारच. कॅमेरा बंद असताना काय चालायचं? मुंबईचा किनारा दिसल्यावर सुटलो असं वाटलं की वाईट वाटलं, आणि तेव्हा जे वाटलं तेच आज वाटतं का? हा गृहस्थ १९६९ पासून रोजनिशी लिहितो. वही त्याच्याकडे, फिल्म बीबीसीकडे, आणि डोक्यात उरलेलं तिसरंच काहीतरी. या तिन्हींची एकमेकांशी गाठ घालून दिली असती तर कार्यक्रम कुठल्या कुठे गेला असता. ते सोडून आपल्याला काय मिळालं, तर जुन्या मालिकेचं थोडक्यात उत्तर.

तुमचं काय मत? ज्यांना आवडली त्यांनीही लिहा.

गप्पिष्ट

मी दीड भाग पाहून सोडली. पुढचं तुम्ही सोसलंत, आभारी आहे.

लेस्टरची_लेक

मुशाफिर, थोडी असहमती नोंदवते. ऑक्टोबर २०२० मध्ये आम्ही इथे इंग्लंडात कसे बसलो होतो आठवा. भारतातली तिकिटं रद्द झालेली, आईबाबा व्हिडिओ कॉलवर, गावाबाहेर जायचं तरी नियम बघायचे. त्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक ओळखीचा म्हातारा आगगाडीत चढताना दिसला तर बरं वाटायचं. त्यातून मला ना वही हवी होती ना फिल्म, मला खिडकीबाहेर बघायचं होतं.

बाकी प्रसिद्ध लोकांच्या कौतुकाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. आमचे हे प्रत्येक वेळी 'आला हार घालणारा' म्हणायचे.

कात्रीवाला

मी संकलनाच्या धंद्यात आहे (मराठी-हिंदी वाहिन्या, बीबीसी नव्हे), म्हणून दोन गोष्टी सांगतो. हा बचाव नाही, असं का होतं ते सांगतोय.

एक. २०२० मध्ये सगळ्या जगात चित्रीकरण ठप्प होतं. वाहिनीला तर आठवड्याचे तास भरायचेच असतात. अशा वेळी आपल्याच कपाटातला माल सर्वांत स्वस्त. एक माणूस, एक खोली, एक दिव्यांचा संच, बाकी जुनं फुटेज. हे समीकरण मांडलं की कार्यक्रमाचा आकार संकलकाच्या टेबलावर येण्याआधीच ठरलेला असतो.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. मुलाखतीत माणूस आठवायला लागतो तेव्हा तो अडखळतो. 'थांबा हं, तो मंगळवार होता की...' असं करतो, मध्येच गप्प होतो, छताकडे बघतो. माझ्या मते तीच खरी आठवण. पण टेबलावर आम्हाला शिकवलेलं असतं की 'हवा' काढून टाका. पॉज कापायचा, त्या कापावर झाकण म्हणून जुनं दृश्य टाकायचं. म्हणजे माणूस जिथे खरोखर आठवत असतो नेमकं तिथेच त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही. मुशाफिरांना जी शंका येते तिचं उगमस्थान ही कात्री आहे.

आणखी एक. प्रसारित झालेले भाग जपलेले असतात, पण न वापरलेलं कच्चं चित्रण बहुतेक ठिकाणी टिकत नाही. जागा खातं आणि त्याचा वाली कोणी नसतो. त्यामुळे 'कॅमेऱ्यासमोरचं पण न दाखवलेलं' असं काही मिळेल ही आशा सहसा फोल ठरते. तेच ठरलेले क्षण पुन्हा पुन्हा येण्यामागे हेही कारण असतं.

मुशाफिर

कात्रीवाला, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी झालाय. पॉजवर झाकण घालण्याचा मुद्दा आता डोक्यातून जाणार नाही. यापुढे कुठलीही मुलाखत धड बघता येणार नाही मला, त्याचं पाप तुमच्या माथी.

लेस्टरताई, त्या दिवसांबद्दल तुम्ही म्हणता ते पटतं. पण खिडकीबाहेर बघायला जुने सात भाग जसेच्या तसे दाखवले असते तरी चाललं असतं की. उलट त्यात खिडकी जास्त वेळ उघडी राहिली असती.

उंटावरचा_शहाणा

इतका खल कशाला? गोरा साहेब पूर्वेला येतो, संडासाची गंमत करतो, मुंबईच्या फुटपाथवर अंध न्हाव्याकडून दाढी करून घेतो, आणि तीस वर्षं त्या दाढीवर जगतो. आठवणींचा कार्यक्रम त्याचा, म्हणून आठवणीही त्याच्याच. न्हाव्याला कोण विचारतंय?

अनुस्वार

@उंटावरचा_शहाणा, इतकं सोपं नाही हो ते. २००८ मध्ये पेलिन त्याच गलबताच्या माणसांना शोधत निघाला होता. दुबई, मुंबई असं करत कच्छपर्यंत गेला आणि म्हातारे झालेले खलाशी त्याला भेटले. 'अराउंड द वर्ल्ड इन ट्वेंटी इयर्स' नावाचा एका भागाचा कार्यक्रम आहे. तुटकी भाषा, गळाभेटी, कोण गेलं कोण राहिलं याची चौकशी. त्यात गंमत करणारा साहेब दिसला नाही मला. थोडा ओशाळलेला पाहुणा दिसला.

न्हाव्याचं म्हणाल तर, तो प्रसंग मलाही खटकतो. पण तेव्हाही पेलिन स्वतःच्या भीतीवर हसतो, न्हाव्यावर हसत नाही. फरक बारीक आहे, पण आहे.

मुशाफिर

अनुस्वार, नेमकं बोललात. माझ्या तक्रारीचा गाभाच हा आहे, धाग्यात तो नीट उतरला नव्हता. २००८ चा तो एक भाग म्हणजे आठवणींवरचा कार्यक्रम कसा करावा याचा नमुना आहे, आणि तो याच माणसाने केलेला आहे. तिथे आठवणीला दुसरी बाजू आहे. पेलिनला जे थोर वाटत होतं ते समोरच्याला आठवतं का, की त्याला भलतंच काही लक्षात आहे, हे आपल्या डोळ्यांदेखत उलगडतं. हे आधी करून झालेलं असताना बारा वर्षांनी परत खोलीत बसून कौतुक ऐकायचं?

उंटावरून खाली उतरा शहाणे, तुमचा निम्मा मुद्दा बरोबर आहे.

जयगडकर

गलबताचा विषय निघाला म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र.

आमचे आजोबा देशी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. कौलं, मीठ, चिऱ्याचा माल, मिळेल ते भरून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई. पावसाळ्यात गलबत ओढून वर शाकारायचं, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात. त्यामुळे पेलिनचं गलबत ऑक्टोबरात निघालं हे ऐकल्यावर आजोबा 'बरोबर, दर्या निवलेला असतो' इतकंच म्हणाले असते. त्यांच्या लेखी ती साहसकथा नव्हती, हंगामाची सुरुवात होती.

आता आठवणींचं. आजोबांना प्रवासातलं काय आठवायचं? निसर्ग नाही. सूर्यास्त तर मुळीच नाही. त्यांना फेरा आठवायचा तो मालावरून. 'मंगळुरी कौलांचा फेरा होता, वाटेत चाळीसएक फुटली, व्यापाऱ्याने आमच्या पैशातनं कापली.' या एका वाक्याभोवती मग सगळं यायचं: वारा कुठून होता, बरोबर कोण होतं, कोण आजारी पडलं, बंदरात किती दिवस नुसतं बसून काढले. आम्ही पोरं विचारायचो, वादळ झालं होतं का? तर म्हणायचे, झालं असेल, पण कौलं कमी आली हे पक्कं.

या मालिकेत मला उणीव भासली ती याची. गलबत काय घेऊन चाललं होतं, कोणाचा माल, खलाशाला फेऱ्याचे किती सुटायचे, पाचसहा परदेशी माणसं आणि त्यांच्या पेट्या चढल्यावर बाकीच्यांची झोपायची जागा कुठे गेली? कॅमेऱ्यापुढे त्या आठवड्याला मैत्री म्हणायची पद्धत पडलीय. मैत्री झालीही असेल, नाही म्हणत नाही. पण त्या माणसांसाठी तो कामाचा फेरा होता आणि पाहुणे हा त्यातला जास्तीचा माल होता. त्या बाजूने कोणी बोललं तर मी रात्रभर ऐकेन.

लेस्टरची_लेक

जयगडकर, कृपया वाचनमात्र राहू नका.

तिरकस_तेंडल्या

मला एक वेगळाच दोष दिसतो. पेलिनचे किस्से आता किस्से राहिले नाहीत, ती कीर्तनातली आख्यानं झालीत. उदाहरण घ्या १९९१ च्या ध्रुवांच्या सफरीचं. झांबियात एका वैदूने त्याला सांगितलं की तुझ्यावर छाया आहे, पुढे काहीतरी वाईट होणार. मग झांबेझी नदीत बरगडी मोडली. मग केपटाउनहून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजावर जागा मिळाली नाही आणि चिलीपर्यंत वळसा घालून विमानाने जावं लागलं. तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. पण मुलाखती, पुस्तकं, रंगमंचावरचे कार्यक्रम असं करत करत त्या इतक्या वेळा एका माळेत ओवल्या गेल्यात की आता वैदूचं भाकीत आणि जहाजाच्या कारभाऱ्याचा नकार यांत काही नातं आहे असंच वाटायला लागतं. जहाजावर जागा नसते याला छाया कशाला लागते?

आठवणींच्या कार्यक्रमाने हे गाठोडं सोडायला हवं होतं. 'मायकल, ही गोष्ट तू इतकी वर्षं अशीच सांगतोस, पण त्या दिवशीच्या वहीत काय लिहिलंय?' एवढा एक प्रश्न पुरला असता. समोर प्रश्न विचारणारं कोणी वाकडं माणूसच नाही. सगळे हार घेऊन उभे (लेस्टरताईंच्या 'ह्यां'ना श्रेय).

सोव्हिएत संघाचंही तेच. ही मंडळी तिथून बाहेर पडली आणि काही दिवसांतच, ऑगस्ट १९९१ मध्ये, मॉस्कोत सत्ता उलथवायचा प्रयत्न झाला. वर्षअखेर देशच उरला नाही. आज ती दृश्यं पाहताना आपल्याला पुढचं माहीत असतं, तेव्हा त्याला माहीत नव्हतं. त्या वेळी आपल्याला काय दिसलं नाही, यावर त्याने बोलावं अशी माझी फार इच्छा होती.

कात्रीवाला

वाकडं माणूस आणलं तर पुढच्या वेळी पाहुणा येत नाही, ही निर्मात्यांची कायमची भीती. मराठीतले 'आठवणीतला प्रवास' छापाचे कार्यक्रम बघा. नट परदेशी चित्रीकरणाला गेला, सामान हरवलं, शाकाहारी जेवण मिळालं नाही, कोणीतरी मराठी बाई भेटली आणि तिने पोळीभाजी घातली. इतके सारखे की एकाची मुलाखत दुसऱ्याच्या तोंडी बसवली तर कळणार नाही. आणि सूत्रधार 'वा, क्या बात है' म्हणायला मोकळा.

गप्पिष्ट

पोळीभाजीवाल्या त्या बाईवरच एक मालिका काढा आता. जगभर एकटी पुरून उरलीय बिचारी.

वाळवी_आजी

मुलांनो, टीव्ही मी फार बघत नाही, पण या विषयात आपल्याकडे एक नमुना पडून आहे आणि कोणी नाव काढलं नाही याचं नवल वाटलं. वरसईचे विष्णुभट गोडसे. १८५७ साली घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आत होते. लुटले गेले, पुन्हा लुटले गेले, आणि शेवटी हाती काय, तर आईबापांना स्नान घालायला आणलेली गंगेची कावड.

आता पाहा, हे लिहिलं कधी? पंचवीसएक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांनी गळ घातली म्हणून. त्यांच्या हाताशी ना फिल्म ना फोटो. तरी कुठे काय खाल्लं, कुणी किती दक्षिणा दिली, लपायला जागा कशी मिळाली, तहानेने जीव कसा कासावीस झाला, सगळं आहे. भीती तर पानोपानी आहे. हा माणूस शूर असल्याचा आव आणत नाही. तारखांचा घोळ आहे, ऐकीव गोष्टींची भेसळ आहे, इतिहासकार त्यावर बोट ठेवतात आणि ठेवावंच. पण 'माझा प्रवास' वाचताना हा माणूस आठवतोय याबद्दल शंका येत नाही.

आणि कात्रीवाल्यांसाठी खास: वैद्यांनी १९०७ मध्ये पुस्तक छापलं तेव्हा त्यावर स्वतःची कात्री चालवलीच होती. भटजींचं मूळ मोडी लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्याच्या आठवणी नीटनेटक्या करताना काय गळतं ते लख्ख दिसतं.

मुशाफिर

आजी, साष्टांग. पेलिनच्या धाग्यावर गोडसे भटजी येतील असं वाटलं नव्हतं, पण आता तेच बरोबर वाटतंय.

एक जाता जाता. पेलिनच्या बाजूने बोलायचं तर त्याने या सफरींवरच्या पुस्तकांचा मजकूर स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवला होता. गलबताची ती पानं मी तिथेच वाचली. त्यात कंटाळा आहे, चिडचिड आहे, पोटाची रडकथा सविस्तर आहे. म्हणजे माल होता. कोणी उघडून बघायचं कष्ट घेतले नाहीत, किंवा रविवारी संध्याकाळी लोकांना ते नको असेल असं धरून चालले.

तिरकस_तेंडल्या

लोकांना काय नको हे ठरवणारे कधी लोकांत दिसत नाहीत.

उंटावरचा_शहाणा

मी उतरलो. पण न्हाव्याचा प्रश्न शिल्लक आहे. खलाशांना शोधायला कच्छपर्यंत गेले, वाटेत मुंबई लागली होती ना?

अनुस्वार

हा प्रश्न चांगला आहे. २००८ चा भाग पुन्हा बघून सांगते.

जयगडकर

वाळवी आजी, गोडसे भटजींच्या दोन आवृत्त्यांवर वेगळा धागा काढा ना. वैद्यांची प्रत आमच्या गावच्या वाचनालयात आहे, पोतदारांची कुठे मिळेल? आणि आजोबांचे फेरे मी लिहायला घेतोय, फक्त गलबतावरचे शब्द तसेच ठेवले तर चालतील का ते सांगा. आळात, डोलकाठी, परबाण, सगळ्याला तळटीपा देत बसलो तर लिहून होणार नाही.

वाळवी_आजी

शब्द तसेच ठेवा. अडलं तर आम्ही विचारू. धागा रविवारी काढते, नात टंकून देणार आहे.